कणसरीचा एक

…तर कोंबडी वर्गात शिरली, इथवर काल आलो होतो आपण. तांबडी, मानेवर पिसं नसलेली, शाळेमागच्या घरची. गणिताचा तास सुरू व्हायचा होता. हर्षदाच्या हातात खडू, फळ्यावर नुसती तारीख, आणि ही बया पोरांच्या दोन ओळींमधून अशी चालत आली, जणू तिचीच हजेरी राहिली होती. पोरं तिच्यामागे धावणार, तोच हर्षदानं दार लोटून कडी लावली आणि म्हणाली, "कुणी उठायचं नाही. आता या खोलीत पाय किती, ते सांगा."

झालं. पहिली-दुसरीची अठरा पोरं एकदम गप्प. मग कुजबुज. बाईंचे धरायचे का? धरायचे. कोंबडी एका पायावर उभी राहिली तर? तर दुसरा पोटाशी घेतलाय, तोही धरायचा. नितीन नावाचा एक चलाख पोरगा आहे, त्याला आढ्याला पाल दिसली. तिचे चार धरायचे, की ती आपल्या डोक्यावर राहते म्हणून सोडायचे, यावर वाद पेटला. पाल छपराला आहे, छप्पर खोलीचं आहे, म्हणजे पाल आपली, असा निकाल पोरांनीच दिला. मग मोजणी. एकेक पाय मोजणारे दर वेळी चुकायचे, कारण कोंबडी काही एका जागी बसेना. शेवटी एका पोरीनं जोड्या लावल्या. दोन, चार, सहा, आठ करत गाडी चव्वेचाळीसवर येऊन थांबली. हर्षदानं फक्त तेवढं फळ्यावर लिहून काढलं. दोनाचा पाढा त्या दिवशी कोंबडीनं शिकवला असं पोरं अजून सांगतात.

शेजारच्या खोलीत मनिष गुरुजी तिसरी-चौथी घेतात. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन, त्यामुळे मुख्याध्यापकही तेच. माणूस भला, पण खोचक बोलल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. गलका ऐकून ते खिडकीशी आले आणि विचारते झाले, की बाई, कोंबडी बाहेर गेली की गणित सुरू करणार का? हर्षदा म्हणाली, गुरुजी, ती आत आली तेव्हाच सुरू झालं.

आता ही हर्षदा कोण, कुठली, हे काल नुसतं ओझरतं आलं. सायवनच्या आतल्या अंगाला डोंगराच्या कुशीत जे पाडे आहेत, त्यातल्याच एका पाड्यावरची. शेती नावापुरतीही नाही. बाप लाहू कासा ते सायवन जीप चालवतो. आई कविता दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला, कापणीला जायची, मजुरीचं भात आणायची. हर्षदा लहानपणी सुट्टीच्या दिवशी बापाच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला पाय न लावता, अंग चोरून बसायची. गाडीत जागा नऊ माणसांची. लाहूचा हिशेब वेगळा. तेरा बसली की तो मागे न बघता ओरडायचा, अजून दोन येतील, जरा सरका. पोरगी मागे वळून माणसं मोजायची. पुढच्या पाड्यावर तीन उतरली, दोन चढली, एका बाईच्या कडेवर पोर, ते धरायचं की नाही? लाहू सांगायचा, पोराचं भाडं नाही, पण जागा लागते. म्हणजे भाड्यात धरू नको, माणसांत धर. एकाच गाडीचे दोन हिशेब असतात, हे त्या पोरीला सहाव्या वर्षी कळलेलं.

आणि तरी शाळेत तिला गणित आवडेना. कारण साधं होतं. तास सुरू झाला की एकच वाक्य: पुस्तक काढा, पान उघडा. पुस्तकात पेरू, सफरचंदं, आगगाडी. हर्षदा म्हणते, पान उघडायच्या आधी आपल्याला कुणी काही विचारलंच नाही, याचं मला वाईट वाटायचं. पुढे आश्रमशाळा झाली, डी.एड. झालं, मुलाखती, परीक्षा, वाट बघणं झालं आणि नशीब असं, की नेमणूक आली ती आपल्याच भागात, आपल्या पाड्यापासून दोन टेकड्यांपलीकडे. रुजू झाली त्या दिवशीच तिनं मनाशी ठरवलं, की आपल्या तासाचं पहिलं वाक्य 'पान उघडा' हे असणार नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं जीप आणली. खरी नाही हो. बसायच्या पट्ट्या मागेपुढे टाकल्या, पुढे एकाला चालक केला, थाळी त्याच्या हातात दिली स्टिअरिंग म्हणून, आणि दार उघडझाप करायला एक दणकट पोरगी किन्नर, म्हणजे गाडीची क्लीनर. कासा नाका, चढा. चारोटी, उतरा. किती राहिले? उतरणाऱ्यानं आधी सांगायचं, मागे किती उरतात, मगच उतरायचं. चुकला तर परत कासाला. पोरं अशी रंगली, की मधली सुट्टी झाली तरी जीप चारोटीतून हलेना. लाहूला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, गाडी आमचीच आहे ती.

मग एकदा चिकू. घोलवडकडं वाडीत कामाला जाणाऱ्या एकीनं दिलेले. हर्षदानं एक चिकू टेबलावर ठेवला आणि विचारलं, आत बिया किती? प्रत्येकानं आपला अंदाज तळहातावर पेनानं लिहायचा, मग चिकू कापायचा. कुणाच्या हातावर दोन, कुणाच्या पाच. एका पठ्ठ्यानं शंभर लिहिले आणि विचारल्यावर म्हणाला, बाई, मला मोठा चिकू पाहिजे. कापल्यावर निघाल्या तीन. मग दुसरा, मग तिसरा. सहावा चिकू संपेतो पोरं स्वतःच सांगू लागली, की दहाच्या वर कुणी लिहू नका, येत नाही. कधी मूठ बंद करून विचारायची, आत काय आणि किती. कधी फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहून स्वतः खिडकीबाहेर बघत उभी राहायची, पोरं ओरडेपर्यंत. सगळं पहिल्या दहा मिनिटांत. त्यानंतर पुस्तक उघडायचंच, त्याला तिची ना नाही. पण तोवर पोरं पुस्तकाच्या पुढे गेलेली असायची.

तिला अभिमान एकाच गोष्टीचा. ती तोंडानं म्हणत नाही, पण आपल्याला कळतं. तिच्या वर्गातून गणिताच्या तासाला पोर उठून जात नाही. बाहेर ओहळ आहे, आंबे आहेत, बकऱ्या आहेत, दार उघडं आहे. तरी जात नाही.

आणि मग शितल जायला लागली.

शितल दुसरीतली. आईबाप हंगामाला वाडीवर, पोरगी आजीकडे. आजीचं नाव लाडकी. उंच, काटक, ताठ. नातीवर तिचा फार जीव आणि नातीचा तिच्यावर. शितल तशी बोलकी, गाणं म्हणायला पुढे, चित्रं अशी काढायची की गुरुजींनी एक भिंतीला लावलं. पण चिंचोके मोजायला दिले की एक कमी. सात दिले की सहा. दहा दिले की नऊ. आणि सांगायची कशी, तर ठणठणीत आवाजात, मान वर करून. पोरं हसली. नितीन म्हणाला, "शितल एक खाऊन टाकते, बाई." त्या दिवसापासून खडूनं तारीख लिहून झाली, की शितल पाणी प्यायला म्हणून उठायची, ती तास संपल्यावर यायची. एक दिवस, दोन दिवस. हर्षदा हाक मारायची, पोरगी आंब्याच्या बुंध्यामागे.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. अठरातली एक. पण हर्षदाला झोपेतसुद्धा तो रिकामा कोपरा दिसायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, डोळ्यांत काही असेल. फळ्यावर बारीक अक्षर काढून लांबून वाचायला लावलं, पोरीनं घडाघडा वाचलं. तीन बोटं दाखवली, की तीन म्हणाली. तेच तीन चिंचोके ओंजळीत दिले, की दोन. बोटांचे बरोबर आणि चिंचोक्यांचे चूक, हे कोडं काही सुटेना. मनिष गुरुजींचं म्हणणं, पोरगी खोडसाळ आहे, पुढच्या वर्षी आपोआप येईल. पण हर्षदाच्या मनात आलं, की पुढच्या वर्षापर्यंत ती आंब्यामागेच बसायला शिकेल.

दिवाळी झाली, भात कापून झालं, पाड्यापाड्यावर खळी लागली. एका रविवारी हर्षदा दोन टेकड्या चालून लाडकीच्या खळ्यावर गेली. तक्रार सांगायला नव्हे, उगाच, बसायला. शेणानं सारवलेलं खळं, मधोमध भाताची रास, बाजूला कणगी. लाडकीनं बाईंना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि म्हणाली, की बाय, एवढं माप होऊ दे, मग बोलू. मापाच्या वेळी खळ्यावर कुणी बोलत नाही, हे हर्षदाला ठाऊक होतं.

लाडकीनं लाकडी अधोली हातात घेतली, कपाळाला लावली. पहिलं माप भरलं आणि ते कणगीत न टाकता शेजारी पळसाच्या पानांवर ओतलं. ओतताना ओठ हलले, आवाज नाही. मग दुसरं माप भरलं, कणगीत टाकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "एक." शितल तिच्या पायाशी बसलेली, पुढ्यात खडे. आजी एक म्हणाली, की तिनं एक खडा सरकवला. दोन. खडा. तीन. खडा.

हर्षदाही सवयीनं मनात मोजत होती, पण तिनं सुरुवात पळसाच्या पानापासून केलेली. कविता, तिची आई, मजुरीचं भात घरी आणून मोजायची तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. नाव वेगळं, पण मापात धरलेलं. हर्षदाला वाटायचं, सगळीकडे असंच असतं. रास संपत आली, तळाचं थोडं भात लाडकीनं खळ्यातच राहू दिलं आणि अधोली उपडी ठेवली. हर्षदाच्या मनात झाले चोवीस. आजी म्हणाली तेवीस. शितलनं आपले खडे मोजले आणि मान वर करून, त्याच ठणठणीत आवाजात म्हणाली, तेवीस.

हर्षदा उठली आणि पोरीजवळ उकिडवी बसली. हलक्या आवाजात विचारलं, की शितल, ते पानावरचं?

पोरीनं बाईंकडे असं पाहिलं, जणू बाईंना कुणी काही शिकवलंच नाही. म्हणाली, "ते कणसरीचं हाय, बाई. ते मोजायचं नाय. ते आपलं नाय."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिच्यामुळे कणसात दाणा भरतो, तेव्हा पहिलं माप तिचं. लाडकीच्या घरात ते बाजूला काढतात आणि हिशेबात धरत नाहीत. देवीच्या वाट्याला आकडा लावायचा म्हणजे तिच्याकडे हिशेब मागितल्यासारखं. शितल या आजीच्या पायाशी बसूनच मोजायला शिकली. ओंजळीत काही ओतलं, की त्यातला पहिला दाणा, पहिला चिंचोका, पहिला खडा आधी गुपचूप बाजूला, मग एक, दोन, तीन. बोटं काही कुणी रास घालून देत नाही, म्हणून बोटं बरोबर. शाळेत पोरगी इतके दिवस चुकत नव्हती. देवीचं देवीला देऊन उरलेलं सांगत होती.

हर्षदाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. लाडकी विचारत राहिली, काय झालं बाय, माप चुकलं काय? हर्षदा म्हणाली, नाही आजी, माझंच चुकत होतं. एवढंच बोलून, पोरीच्या पाठीवर हात ठेवून ती निघाली आणि वाटेत लाहूची जीप मिळाली तरी तीत बसली नाही, विचार करत चालत राहिली.

सोमवारी गणिताच्या तासाला तिनं तारीख लिहिलीच नाही. लिहिली की शितल उठते, हे तिला माहीत. ती सरळ खाली पोरांत बसली, पळसाची पानं पसरली आणि त्यांवर चिंचोक्यांची रास ओतली. म्हणाली, आज खळं आहे. आजचं माप शितल घालणार, कारण खळ्याची रीत तिला येते.

पोरगी जागची हलेना. नितीन काही बोलणार होता, पण बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग शितल पुढे आली. राशीला हात लावला, एक चिंचोका उचलून दुसऱ्या पानावर ठेवला, ओठ हलवले. हर्षदानं विचारलं, हा कुणाचा? वर्गातल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. ती सगळी ओरडली, कणसरीचा. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून उरलेले मोजले. नऊ.

हर्षदा म्हणाली, आता आपलं माप झालं. कणसरीला हाक मारा, आत ये म्हणा. शितलनं पानावरचा चिंचोका उचलून राशीत ठेवला. किती? दहा. पुन्हा रास केली, मोठी. कणसरीचा काढला, उरले एकोणीस. कणसरी आली, वीस. एकोणतीस, आणि कणसरी, तीस. पोरांना अशी गोडी लागली, की पुढची हाक त्यांनीच मारली. एकोणचाळीसवर सगळी एका सुरात म्हणाली, कणसरी ये, आणि हसत सुटली. ज्या ठिकाणी पोरं दर वर्षी अडखळतात, एकोणपन्नासच्या पुढे काय, एकोणसत्तरच्या पुढे काय, तिथे ही पोरं उडी मारून पलीकडे जात होती.

सगळे चिंचोके ओतले तेव्हा उरले नव्याण्णव. एवढे त्यांनी कधी मोजले नव्हते. मोजताना पोरं दोनदा चुकली, दोनदा पुन्हा सुरुवात केली. पुढचा आकडा पोरांनी ऐकला होता, पण तो हातानं तयार करता येतो हे कुणाला माहीत नव्हतं. पानावरचा एकटा चिंचोका शितलनं उचलला. राशीवर धरला. ठेवायच्या आधी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग ठेवला आणि म्हणाली, "शंभर."

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती नितीननं. दारात मनिष गुरुजी कधीचे उभे होते, त्यांच्यामागे तिसरी-चौथीची पोरं. गुरुजी खोचक काही बोलतील म्हणून हर्षदा वाट बघत होती. ते म्हणाले, बाई, उद्या ही पानं आमच्या खोलीत पाठवा, आम्हाला हजाराची रास घालायची आहे. आणि शितलही पाठवा, आमच्याकडे रीत कुणाला येत नाही.

पुढे कासाला शिक्षकांच्या बैठकीत हर्षदानं हा पाठ करून दाखवला, तेव्हा मोठमोठी माणसं जमिनीवर मांडी घालून चिंचोके मोजत होती, आणि त्या दिवशी लाहू येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून भाडं घ्यायलाही विसरला. ती गंमत वेगळी, ती सांगू कधीतरी. त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी तीच.

पाड्यावर गोष्ट फिरते ती चालताना आकार बदलते. शितलनं शंभर केले, हे लाडकीपर्यंत पोचता पोचता असं झालं, की आजीच्या रीतीमुळे पोरीचं गणित चुकत होतं आणि बाईंनी ते शोधून काढलं. लाडकीची नाचणी अजून मळायची होती. तिनं दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. लुगडं धुतलेलं, केस चापूनचोपून बांधलेले. आत यायला तयार नाही. हर्षदा बाहेर गेली. शितल दाराला धरून उभी.

लाडकीची मान नेहमी ताठ, त्या दिवशी खाली होती. ती म्हणाली, "बाय, आमची सासू तसं करायची, तिची सासू तसं करायची. पण पोरगी आमच्यापायी मागं राहाया नको. नाचणीचं माप पयल्यापासनं मोजीन मी. कणसरीला सांगून टाकीन, पोरीसाठी म्हनून. रागावली तर मला रागावंल."

ही बाई नातीच्या एका आकड्यासाठी देवीचा राग अंगावर घ्यायला निघाली होती. आत बाकीची सतरा पोरं कान टवकारून बसलेली. शितलची नजर कधी आजीकडे, कधी बाईंकडे. मग हर्षदा दोन पायऱ्या उतरून खाली आली, लाडकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली:

"आजी, कणसरीला काही सांगू नका. तिचं माप आधी काढायचं आणि आपल्यात मोजायचं नाही, तुमचं बरोबर आहे. शितलचंही बरोबर होतं, मी विचारलं नव्हतं एवढंच. तुमचं माप तुम्ही सांगा, कणसरीसकट किती ते आमची पोरं सांगतील, म्हणजे दोन्ही हिशेब राहतील. आणि आता घरी जा ते अधोली आणायला. उद्या साडेदहाला गणिताचा तास आहे, त्याची सुरुवात तुम्ही करायची."